खरेदी समितीत एकट्याचं मत वेगळं पडतं तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही एका महापालिकेच्या रुग्णालयात कंत्राटी जैववैद्यकीय अभियंता आहात. अतिदक्षता विभागाच्या उपकरणांसाठी निविदा निघाली आणि पाच जणांच्या तांत्रिक मूल्यमापन समितीवर तुमची पहिल्यांदाच नेमणूक झाली. तीन निविदा आल्या. बैठक सुरू होताच अध्यक्ष म्हणाले, "दोन नंबरच्या कंपनीचं बरं दिसतंय, सगळं व्यवस्थित आहे ना?" बाकीच्यांनी माना हलवल्या. त्या कंपनीने उत्पादकाच्या अधिकारपत्राऐवजी (आपला माल विकायचा अधिकार बोलीदाराला देणारं उत्पादकाचं पत्र) मुख्य वितरकाचं पत्र जोडलंय असं तुमच्या लक्षात आलं होतं, पण तुम्ही गप्प बसलात. आता इतिवृत्त सहीसाठी आलंय आणि त्यात "सर्वानुमते पात्र" असं लिहिलंय. आर्थिक लिफाफा, म्हणजे दर असलेलं बंद पाकीट, अजून उघडलेला नाही. सही करावी का, आणि चार अनुभवी माणसं एकाच वेळी चुकू शकतात का, असं तुम्ही विचारलंय.

नोकरीतली बरीच वर्षं मी वित्त सदस्य म्हणून अशा टेबलांभोवती बसलो आहे, आधी जिल्हा परिषदेत आणि पुढे आरोग्याच्या खरेद्यांमध्ये. त्या अनुभवावरून सांगतो. सहीचं नंतर बघू. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कळलं की पहिला निम्मा सुटतो.

चार अनुभवी माणसं चुकतात का? चुकतात. पण बहुतेक वेळा त्या चौघांपैकी कोणी निर्णय घेतलेलाच नसतो. अध्यक्षांना वाटतं, तांत्रिक बाजू अभियंत्याने बघितली असेल. अभियंता धरून चालतो की कागदपत्रं लेखाधिकाऱ्याने तपासली. लेखाधिकारी उलाढाल, बयाणा रक्कम, जीएसटीची कागदं बघतो आणि अधिकारपत्र हा तांत्रिक विषय म्हणून सोडून देतो. विभागप्रमुख डॉक्टरांना मशीन कसं चालतं यात रस असतो, पान क्रमांक सत्तेचाळीसवर कोणाचं लेटरहेड आहे यात नसतो. अशात अध्यक्षांचं एक वाक्य येतं, सगळे मम म्हणतात आणि पाच सह्यांचा कागद तयार होतो. बाहेरून तो पाच जणांनी तपासलेला निर्णय दिसतो. प्रत्यक्षात अधिकारपत्र पाचांतल्या एकानेच वाचलेलं असतं, आणि तो एक गप्प बसलेला असतो.

म्हणून लगेच लाच शोधायला जाऊ नका. लाच असतेच कुठेकुठे, त्याबद्दल मी भाबडा नाही. पण जिथे एक पैसाही फिरलेला नाही अशा बैठकाही हुबेहूब अशाच चालतात. त्यामुळे माझं लक्ष नेहमी माणसांच्या हेतूपेक्षा बैठकीच्या क्रमाकडे असतं. आधी कोण बोललं, कोणी काय वाचून आलं होतं, कागद कधी लिहिला गेला, हे बघायचं.

यावर अभ्यासही झालेले आहेत. गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गटाने काल्पनिक उमेदवारांमधून एकाची निवड करायची होती, पण उमेदवारांची माहिती सदस्यांमध्ये तुकड्यातुकड्यांनी वाटलेली होती. सगळे तुकडे टेबलावर आले असते तर चांगला उमेदवार सहज दिसला असता. झालं असं की जी माहिती सगळ्यांना आधीच ठाऊक होती तिच्यावरच गट बोलत राहिले, एकेकाजवळचे तुकडे बाहेर आलेच नाहीत आणि बहुतेक गटांनी कमी लायक उमेदवार निवडला. आपली तांत्रिक समिती मुद्दाम अशाच वाटणीने बनवतात: एक अभियंता, एक वित्ताचा, एक वापरणारा. वेगवेगळी माहिती असलेली माणसं एकत्र यावीत हा हेतू. पण ती माहिती बोलली गेली नाही तर समिती आणि एकटा अधिकारी यांच्यात फरक काय राहिला?

दुसरा प्रयोग सॉलोमन ॲश यांचा, १९५० च्या दशकातला. रेघांची लांबी ओळखायची, लहान मूलही सांगेल इतकी सोपी. खोलीतले बाकीचे सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या सहभागी माणसाने साधारण एकतृतीयांश वेळा त्यांचीच री ओढली. हे सगळे सांगतात. मला त्यातला पुढचा भाग जास्त कामाचा वाटतो. गटातल्या एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, तरी ती री ओढणं एकदम खाली यायचं. म्हणजे समितीत तुम्हाला बहुमत लागत नाही, एक जोडीदार लागतो. तो बैठकीच्या आधी शोधायचा असतो. बहुतेक ठिकाणी हा जोडीदार लेखाधिकारी असतो, कारण उद्या लेखाआक्षेप आला तर उत्तर त्यालाच लिहायचं असतं.

नियम बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक आहे. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या नियम १७३ मध्ये एक तरतूद आहे: खरेदीची अंदाजित किंमत २५ लाखांच्या वर असेल तर समितीतला कोणताही सदस्य दुसऱ्या सदस्याच्या थेट हाताखालचा नसावा. तरतूद छोटी, पण तिच्यामागचं शहाणपण मोठं. ज्याने गोपनीय अहवाल लिहायचा त्याच्यासमोर "साहेब, हे पत्र चालत नाही" म्हणणं सोपं नसतं. तुमच्या महापालिकेला केंद्राचा नियम थेट लागू नाही. राज्याच्या खरेदीसाठी उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची नियमपुस्तिका आहे आणि महापालिकेचा कारभार स्वतःच्या अधिनियमाने चालतो. तरी समिती नेमण्याचा प्रस्ताव टंकलिखित होत असतानाच हा मुद्दा मांडता येतो. लष्करात कोर्ट मार्शलच्या वेळी मतं सर्वांत कनिष्ठ सदस्यापासून घेत वर जाण्याची पद्धत आहे, कारण वरिष्ठ आधी बोलला की पुढे मत राहत नाही, आदेश राहतो. जिथे शिस्त सर्वांत कडक, तिथेच ही काळजी घेतलेली आहे. आपल्या खरेदी समितीच्या अध्यक्षांनी शेवटी बोलायचं ठरवलं तर एका पैशाचाही खर्च नाही. मी काम केलेल्या अध्यक्षांपैकी थोडे असं करायचे. त्यांच्या बैठका लांबायच्या, पण त्यांच्या नस्त्या (फायली) परत यायच्या नाहीत.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही पण जिच्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. गटाचा खरा निर्णय मूल्यमापनाच्या बैठकीत होतच नाही, तो विनिर्देश, म्हणजे यंत्र कसं हवं त्याचं तांत्रिक वर्णन, लिहिताना होतो. तिथे समिती नसते. एक डॉक्टर, एक कनिष्ठ अभियंता आणि "मदतीला" आलेला एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी असतो. डॉक्टरांनी ज्या मशीनवर शिकलं तेच त्यांना हवं असतं, त्यात वाईट काही नाही. पण त्या मशीनच्या माहितीपत्रकातली मापं विनिर्देशात उतरली की पुढच्या पाच सह्या केवळ शिक्कामोर्तब ठरतात. स्क्रीन "किमान १२ इंच" असं लिहिलं तर स्पर्धा राहते. "१२.१ इंच" लिहिलं तर ते कोणाचं माप आहे हे बाजारातल्या प्रत्येकाला कळतं. निविदापूर्व बैठकीत इतर कंपन्या हे बोलून दाखवतात आणि तेव्हा गट एकदम एकजूट होतो. बाहेरचा कोणी बोट दाखवतोय म्हटल्यावर आतले, ज्यांना स्वतःलाही ते माप पटलेलं नसतं, तेसुद्धा बचावाला उतरतात. शुद्धिपत्रक (निविदेतली दुरुस्ती) काढणं म्हणजे चूक कबूल करणं असं वाटू लागतं. खरं तर शुद्धिपत्रक हा या प्रक्रियेतला सर्वांत स्वस्त उपाय आहे. पुढच्या निविदेत तुमचा जोर याच टप्प्यावर लावा. तिथे बोललेलं कोणाला बंड वाटत नाही.

मूल्यमापनाच्या टप्प्यावर दोन दबाव जवळजवळ नेहमी असतात आणि ते कोणी उघड बोलत नाही. पहिला तीनच्या आकड्याचा. पहिल्या वेळी तीन पात्र निविदा नसल्या तर मुदतवाढ, फेरनिविदा, पुन्हा सगळं. त्यामुळे तिसऱ्याला अपात्र ठरवणारा सदस्य हा खरेदी लांबवणारा ठरतो. मग त्या तिसऱ्या निविदेला 'वाचवण्याकडे' सगळ्यांचा कल होतो. दुसरा दबाव मार्चअखेरचा. निधी ३१ मार्चला व्यपगत होणार, म्हणजे न वापरता परत जाणार असेल तर फेब्रुवारीत कोणतीही शंका अवेळी वाटते. ऑगस्टमध्ये ज्या त्रुटीवर निविदा बाद झाली असती तीच त्रुटी फेब्रुवारीत "किरकोळ" होते, आणि ती किरकोळ ठरवणारी माणसं तीच असतात. तुमची बैठक वर्षाच्या कोणत्या टप्प्यात झाली हे तुम्ही लिहिलेलं नाही. त्यावर पुष्कळ अवलंबून आहे.

याची उलटी बाजूही आहे. भीतीने एकवटलेला गट. दक्षता चौकशी, माहितीच्या अधिकारात मागितलेल्या टिपण्या, लेखापरीक्षण, या सगळ्यांनी पोळलेल्या समित्या मी बघितल्या आहेत. अशी समिती दोनच गोष्टी करते: एल-१ ला, म्हणजे सर्वांत कमी दराच्या बोलीदाराला, देऊन मोकळी होते किंवा दुसऱ्या समितीकडे पाठवते. समजा एखाद्या सलाईनचा दर्जा वाईट आहे, हे पाचही जणांना अनुभवाने ठाऊक असतं. पण मागच्या पुरवठ्याच्या तक्रारी कोणी नस्तीवर आणलेल्या नसतात, म्हणून सगळे मिळून तेच पुन्हा घेतात. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या जुन्या कलम १३(१)(ड) मुळे, हेतू वाईट नसतानाही एखाद्याला आर्थिक फायदा झाला म्हणून अधिकारी अडकू शकतो, अशी धास्ती होती. २०१८ च्या दुरुस्तीत ते कलम गेलं. धास्ती मात्र कार्यालयांतून पुरती गेलेली नाही. "एल-१ ला दिलं की कोणी विचारत नाही" हे वाक्य तुम्हाला पहिल्याच आठवड्यात ऐकवलं गेलं असेल.

गुण देऊन निवड करायची असते, म्हणजे सल्लागार नेमताना वगैरे, तिथे तर गटाचा खेळ आकड्यांत दिसतो. समजा चार सदस्यांनी 'अ' ला ७४, ७२, ७५, ७३ दिले आणि 'ब' ला ७०, ६९, ७१, ७०. पाचव्याने 'अ' ला ४० आणि 'ब' ला ९० दिले. सरासरी काढा: 'अ' ६६.८, 'ब' ७४. पात्रतेची रेषा ७० असेल तर 'अ' चा आर्थिक लिफाफा उघडणारच नाही. चौघांच्या मते जो वरचढ होता तो एकाच्या पेनाने बाद झाला, आणि तक्त्याखाली पाचही सह्या आहेत! यावर काही ठिकाणी उपाय म्हणून "एकमताने गुण" देतात, म्हणजे चर्चा करून एकच आकडा. तो उपाय रोगापेक्षा बरा नाही, कारण मग पुन्हा मोठ्या आवाजाचा आकडा लागतो. मला पटलेली पद्धत अशी: प्रत्येकाने आधी स्वतंत्र गुण आणि कारणाची एक ओळ लिहून पाकिटात द्यायची, मग पाकिटं उघडून जिथे मोठी तफावत आहे तेवढ्यावरच चर्चा करायची. कोणी गुण बदलले तर जुना आकडा खोडायचा नाही, शेजारी नवा आकडा आणि का बदलला ते लिहायचं.

गट मिळून गुणांशी किती खेळू शकतो याचं ब्रिटनमधलं उदाहरण मोठं आहे. तिथल्या न्यूक्लिअर डीकमिशनिंग अथॉरिटीने जुनी अणुकेंद्रं मोडीत काढण्याचं अब्जावधी पौंडांचं कंत्राट २०१४ मध्ये दिलं. हरलेल्या कंपनीने दावा लावला. २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने म्हटलं की मूल्यमापनात ढोबळ चुका आहेत आणि किमान अट न भागवणाऱ्या बोलीदाराला अपात्र ठरवावं लागू नये म्हणून गुणांची सारवासारव झाली. पुढच्या वर्षी जवळपास १० कोटी पौंड देऊन तडजोड करावी लागली. पात्र-अपात्र ठरवण्याची वेळ आली की समितीला तो घोट कडू लागतो, हे पुण्यात असो की लंडनमध्ये, सारखंच.

आता तुमच्या सहीकडे येतो.

सही नाकारून घरी बसणं हा मी सुचवणार नाही असा मार्ग. त्याने तुमची शंका कागदावर येत नाही, फक्त तुमचा रुसवा येतो. "सर्वानुमते" खाली निमूटपणे सही करणंही नको, कारण उद्या ते पत्र वादात आलं तर विचारलं जाईल की यंत्रं कळणारा एकमेव सदस्य कोण होता. कोळसा खाणींच्या वाटपाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये छाननी समितीच्या इतिवृत्तांवर जे ताशेरे ओढले त्यातला एक मुद्दा हाच होता: प्रत्येक अर्जाचा विचार कसा झाला याचा तपशील त्या इतिवृत्तांत दिसत नाही. तुमच्या समोरच्या इतिवृत्तात तो दिसतो का, ते आधी वाचा.

मधला मार्ग असा की प्रश्न माणसाचा न करता अटीचा करायचा. "साहेबांचं चुकलं" असा सूर शब्दांतही नको आणि चेहऱ्यावरही नको. लेखाधिकाऱ्यांकडे जा, त्यांच्यासमोर निविदेतली अट आणि ते पान शेजारी शेजारी ठेवा आणि एवढंच विचारा, "मॅडम, अटीत उत्पादकाचं अधिकारपत्र मागितलंय, इथे वितरकाचं आहे. हे चालत असेल तर का चालतं ते इतिवृत्तात घेऊ या का?" मग दोघांनी मिळून अध्यक्षांकडे. वरिष्ठांना चारचौघांत दुरुस्त केलेलं आवडत नाही, दालनात कागद दाखवलेला बहुतेकांना चालतो. त्यांनाही स्वतःच्या सहीची काळजी असतेच की.

तिथे एक तिसरा पर्यायही ठेवा, कारण पात्र किंवा अपात्र एवढ्या दोनच वाटा दिसल्या की गट ताठरतो. केंद्राच्या वस्तू खरेदीच्या नियमपुस्तिकेत त्रुटीचे कागद मागवण्याबद्दल चांगलं उदाहरण दिलंय: बोलीदाराने जुना पुरवठा आदेश जोडला पण तो पूर्ण केल्याचा दाखला जोडला नाही, तर दाखला मागवता येतो. पात्र ठरण्यासाठी नवा पुरवठा आदेश मागवता येत नाही. तोच न्याय लावला तर, निविदा सादर करण्याच्या तारखेआधीचं उत्पादकाचं पत्र खरंच असेल तर ते मागवता यावं, आजची तारीख टाकून आणलेलं चालू नये. तुमच्या निविदेत त्रुटीपूर्ततेची अट काय आहे ती बघा. शिवाय जी सवलत एकाला, तीच तिघांना लेखी द्यायची.

एवढं करूनही बाकीचे ठाम राहिले तर भिन्नमत नोंदवायचं. त्याच नियमपुस्तिकेत म्हटलंय की मतभेद आधी समोरासमोर बसून मिटवावेत. ते मिटले नाहीत तर बहुमताच्या कारणांसोबत भिन्नमताची कारणंही नोंदवावीत, शिफारस बहुमताची जावी, आणि सक्षम प्राधिकाऱ्याला कारणं लिहून भिन्नमत बाजूला ठेवता येतं. म्हणजे तुमच्या टिपणीने खरेदी अडत नाही. ती फक्त वरच्या माणसाला डोळे उघडे ठेवून निर्णय घ्यायला लावते. टिपणी चार ओळींची असावी: अट क्रमांक, पान क्रमांक, काय मागितलं, काय आलं, काय सुचवता. हेतूंवर एक अक्षर नाही. सही करताना "सोबतच्या टिपणीस अधीन राहून" असं लिहा आणि तारीख त्याच दिवसाची टाका, कोणी मागची टाकायला सांगितली तरी.

आता तुम्ही कंत्राटी आहात, दर अकरा महिन्यांनी तुमचा आदेश नवा होतो. हे मी हलकं घेत नाही. कायम नोकरीतल्या माझ्यासारख्याने धैर्याचे धडे देणं सोपं असतं. तुमच्या जागी मी औपचारिक भिन्नमतापर्यंत जाण्याआधी लेखाधिकाऱ्यांच्या हाताने प्रश्न विचारला जाईल असं बघितलं असतं. वित्ताच्या माणसाने शंका काढणं हे त्याचं कामच समजलं जातं, त्याचा कोणाला राग येत नाही. आणि तुमच्यापुरता तुमचा तपासणी तक्ता, तीनही बोलीदारांचा, प्रत्येक अटीसमोर पान क्रमांकासह, तुमच्या सहीने नस्तीला जोडा. तक्ता म्हणजे मतभेद नाही, कामाचा कागद आहे, तो जोडू नका असं सहसा कोणी म्हणत नाही. पुढच्या वेळी हा तक्ता बैठकीच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या टेबलावर गेला तर अध्यक्षांचं पहिलं वाक्य वेगळं असतं, हे मी अनेकदा बघितलंय.

वेळेबद्दल शेवटचं. आर्थिक लिफाफा बंद आहे तोवर तुमची शंका ही फक्त अटीबद्दलची शंका आहे. तो उघडून दोन नंबरची कंपनी एल-१ आली की तीच शंका दुसऱ्या कोणासाठी तरी काढल्यासारखी दिसेल, आणि ती कंपनी महाग पडली तर तुम्हाला दर आधी कळले होते का, अशी कुजबुज होईल. म्हणून हे उद्याच करा. नस्ती खरेदी कक्षातून पुढे सरकायच्या आत टिपणी किंवा तक्ता द्या, आवक क्रमांक घाला आणि पोच घ्या.